जुना दारूगोळा ‘एक्स्पायर’ होतो का?

रिडेव्हलपमेंटसाठी लालबागच्या चाळीतली आमची खोली रिकामी करत होतो. आजोबा फौजेत होते. त्यांच्या लोखंडी ट्रंकेच्या तळाशी तीन काडतुसं निघाली, पितळ हिरवं पडलेलं. काका म्हणाले, "पन्नास वर्षं झाली, आता काय होतंय? दे भंगारात." मी दिली नाहीत. का, ते सांगतो.

जुनं म्हणजे निकामी नव्हे

औषधासारखी अमुक तारखेला काडतुसाची मुदत संपत नाही. थंड, कोरड्या जागेत ठेवलेलं काडतूस कित्येक दशकांनीही उडू शकतं. त्याचं आयुष्य वयापेक्षा साठवणुकीवर ठरतं.

आत काय बिघडतं?

काडतुसातली बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची असते. ती नुसती पडून राहिली तरी हळूहळू विघटित होते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड सोडते. हेच वायू विघटनाचा वेग वाढवतात. ते शोषून घ्यायला दारूत डायफिनाइलअमाइनसारखं स्टॅबिलायझर घालतात. उष्णतेत ते लवकर संपतं. ते संपल्यावर मोठ्या साठ्यात आतल्या आत उष्णता साचते आणि दारू आपोआप पेट घेऊ शकते. म्हणूनच लष्करी साठ्यातले नमुने वेळोवेळी तपासावे लागतात.

पितळही बिघडतं. ब्रिटिश काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांना तडे जायचे. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया त्याला कारणीभूत होता, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं.

पुलगावचा धडा

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ ला रात्री आग लागून मोठा स्फोट झाला. दोन अधिकाऱ्यांसह १९ जण गेले. तिथे रणगाडाविरोधी सुरुंग साठवलेले होते. त्यांतून टीएनटी पाझरण्याचा दोष आधीच लक्षात आला होता. पुढे २० नोव्हेंबर २०१८ ला तिथेच, नष्ट करायला आणलेला दारूगोळा उतरवताना स्फोट होऊन सहा जणांचा जीव गेला. म्हणजे साठवणं जोखमीचं, तसंच नष्ट करणंही.

घरात सापडलं तर?

- हात लावू नका, हलवू नका, घासूनपुसून बघू नका. काडतुसाच्या बुडातली टोपी धक्क्यानेही पेटू शकते.
- भंगारात, कचऱ्यात किंवा समुद्रात टाकू नका. भंगारवाल्याची छिन्नी किंवा गॅस कटर त्यावर चालला, तर जीव त्याचा जाईल.
- हातबॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर सगळ्यांना बाहेर काढा, शेजाऱ्यांनाही.
- ११२ ला फोन करा. वस्तू पोलीस आणि बॉम्बशोधक पथकच हलवतील.

परवान्याशिवाय काडतुसं बाळगणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे घाबरून लपवण्यापेक्षा स्वतःहून कळवलेलं बरं.

मी ट्रंकेला हात न लावता खोलीचं दार ओढून घेतलं आणि फोन केला. पोलीस आले, पंचनामा झाला, काडतुसं गेली. आजोबांची आठवण म्हणून ट्रंक मात्र आम्ही ठेवली आहे.