डोंगलचे कूळ

मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीतल्या पुष्कळ घरांत आता टीव्हीच्या पाठीमागे बोटभर लांबीची एक डबी खोचलेली असते. कोणी तिला डोंगल म्हणतो, कोणी फायर स्टिक, कोणी नुसताच बॉक्स. नव्या स्मार्ट टीव्हीत तर ती पडद्याच्या पोटातच बसवून येते. तिची वंशावळ सहसा अशी सांगितली जाते: आधी बांबूच्या टोकावरची अँटेना, मग केबल, मग कौलांवरची डिश आणि डिशच्या मागून ही डबी. या वस्तू याच क्रमाने घरात आल्या हे खरे, पण आधी आलेला प्रत्येक जण बाप ठरत नाही. माझ्या मते या डबीचे कूळ व्हिडिओचे आहे: गणपतीत वाडीत लागणाऱ्या, भाड्याच्या कॅसेटींवर चालणाऱ्या व्हिडिओचे. कूळ ठरवताना वस्तूचा आकार किंवा तिची तार पाहून भागत नाही. काय बघायचे आणि केव्हा बघायचे हे ती कोणाला ठरवू देते, ते पाहावे लागते.

या कसोटीवर अँटेना आणि डिश एकाच घरच्या ठरतात. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, तरी कोकणातल्या गावांना चित्र दिसायला बराच काळ जावा लागला. 1984 च्या सुमारास दूरदर्शनने देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभारली. त्यांचा पल्ला साधारण वीस-पंचवीस किलोमीटरचा. सह्याद्रीचे फाटे जिथे जवळजवळ समुद्रापर्यंत उतरतात, तिथे डोंगराच्या पलीकडच्या वाडीला त्यातले थोडेच मिळे. उपग्रहाने ही अडचण दूर केली. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची मोफत डिश सेवा सुरू झाली, खासगी कंपन्याही आल्या, आणि डोंगर आडवा येण्याचा प्रश्न मिटला. मात्र डिश ज्या लहरी झेलते त्या मुसळधार पावसात क्षीण होतात, म्हणून आषाढात ऐन मालिकेच्या वेळी चित्र जाण्याचा अनुभव इथे घरोघरी आहे. तरीही स्वभाव तोच राहिला. आकाशातून जे येईल ते, येईल त्या वेळी, सर्वांना एकदम. डिशचा सेट-टॉप बॉक्स आलेला संकेत फक्त उलगडतो. वाहिन्या तीनशे झाल्या तरी प्रत्येक वाहिनीचे वेळापत्रक दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात असते.

व्हिडिओची गोष्ट निराळी. जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस पद्धत 1976 मध्ये बाजारात आणली. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी जन्मला आणि पुढच्याच वर्षी, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने, भारतात रंगीत टीव्ही आणि त्याच्या जोडीने व्हीसीआर पसरू लागला. मुंबईत दिवसाच्या भाड्याने कॅसेट देणारी दुकाने निघाली, आणि मुंबईची कोणतीही नवी गोष्ट कोकणात यायची ती चाकरमान्यांबरोबर. गणपतीला खळ्यात टीव्ही मांडला जाई, एका रात्रीत दोन-तीन सिनेमे लागत, आणि कोणते ते वर्गणी काढणारे ठरवत. एखादे गाणे पुन्हा हवे असेल तर टेप मागे न्यायची. जेवणासाठी थांबायचे तर थांबवायची. घरातल्या पडद्यावर हा अधिकार प्रेक्षकाला पहिल्यांदाच मिळत होता. आज डबीच्या रिमोटवर हीच बटणे आहेत.

यावर कोणी म्हणेल, हे केवळ साम्य झाले, वंश नव्हे. मग प्रत्यक्ष नातेच पाहू. टीव्हीचे कार्यक्रम हार्डडिस्कवर साठवून सवडीने बघू देणाऱ्या अगदी पहिल्या काही यंत्रांपैकी एक म्हणजे 1999 चे रिप्लेटीव्ही, म्हणजे कॅसेटीविना व्हीसीआरच. ते काढणाऱ्या अँथनी वूड यांनी पुढे 2002 मध्ये रोकू कंपनी स्थापली आणि 2007 मध्ये ते नेटफ्लिक्समध्ये गेले. नेटफ्लिक्स तोवर मुख्यतः टपालाने डीव्हीडी भाड्याने देणारी कंपनी होती. इंटरनेटवरून सिनेमा दाखवायला तिने त्याच वर्षी आरंभ केला होता. तिथे वूड यांच्या देखरेखीखाली टीव्हीला जोडायचा एक खोका तयार झाला. आपलाच खोका विकला तर टीव्ही आणि प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या बिथरतील, या विचाराने नेटफ्लिक्सने तो रोकूकडे सोपवला, आणि मे 2008 मध्ये तो 99 डॉलरना विक्रीस आला. ॲपलचा खोका त्याआधी, मार्च 2007 मध्ये आला होता, पण तो मुख्यतः विकत घेतलेले किंवा संगणकात साठवलेले सिनेमे दाखवणारा. भाड्याच्या दुकानाचा वारस रोकूच. टपालाने डीव्हीडी पाठवणे नेटफ्लिक्सने सप्टेंबर 2023 पर्यंत चालू ठेवले होते, इतके ते दुकान जुने आणि पक्के.

पुढे गूगलने जुलै 2013 मध्ये 35 डॉलरचे क्रोमकास्ट आणले आणि खोक्याची डबी झाली. त्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. फोनवरून सिनेमा टीव्हीवर ‘टाकला’ असे आपण म्हणतो, पण अशा वेळी सिनेमा सहसा फोनमधून जातच नाही. फोन डबीला फक्त पत्ता सांगतो, आणि डबी त्या पत्त्यावर जाऊन काही सेकंदांचे एकेक तुकडे स्वतः ओढून घेते. जाळे मंदावले की ती कमी स्पष्टतेचे तुकडे मागते, म्हणून चित्र अंधुक होते पण चालू राहते. डिश झेलते, डबी मागते. मला सर्वांत निर्णायक वाटणारा पुरावा हाच आहे. दुकानात जाऊन कॅसेट मागणारा माणूस आणि ही डबी एकाच प्रकारचे काम करतात.

सर्वांत वजनदार आक्षेप केबलचा आहे. किनाऱ्यावरच्या गावांत पुष्कळदा केबलवालाच पुढे इंटरनेटवाला झाला, खांबांवरून जाणारी वाटही तीच राहिली. मग केबल पूर्वज का नाही? वाट एकच असली म्हणून वाटसरू नातेवाईक होत नाहीत. आणि केबलचा स्वतःचा आरंभ तपासला तर आक्षेप उलटा फिरतो. 1980 च्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या इमारतींत केबल आली तेव्हा उपग्रह वाहिन्या नव्हत्याच. तळमजल्यावर एक व्हीसीआर लावून त्याची तार घरोघर नेलेली असे. उपग्रहाचा पाहुणा 1991 नंतर त्या तारेवर येऊन बसला.

दुसरा आक्षेप असा की निवड आता प्रेक्षकाची उरलेली नाही, पडद्यावर काय पुढे करायचे ते कंपनीचे गणित ठरवते. यात तथ्य आहे. पण कॅसेटवालाही दर्शनी फळीवर त्याला खपवायचे तेच मांडायचा. मागच्या खणातले हवे तर नाव घेऊन मागावे लागे. तेवढी सोय इथेही आहे. जाळ्यावाचून डबी पांगळी, हेही मान्य. मे 2021 च्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गात विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे बंद झाले, कित्येक गावे काही दिवस अंधारात होती. अशा वेळी डबी काहीच दाखवत नाही. पण वीज नसेल तर व्हीसीआरही मुकाच. त्यावेळी जिल्ह्याला गरज होती ती रेडिओची, आणि रेडिओचे घराणे वेगळे.

हे कूळ नीट ओळखण्यात आपला मोठा स्वार्थ आहे. जत्रांतल्या दशावताराची चित्रणे आता यूट्यूबवर आहेत आणि मुंबईतला मालवणी माणूस ती घरच्या टीव्हीवर लावतो. दशावतारातले संवाद लिहून ठेवलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतो, त्यामुळे एका रात्रीचे नाटक दुसऱ्या रात्री तसेच होत नाही. चित्रण हीच त्याची एकमेव प्रत. ज्या यंत्राकडे नाव घेऊन मागावे लागते, त्याला नावाशिवाय काही सापडत नाही. म्हणून चित्रण चढवणाऱ्यांनी मंडळाचे नाव, आख्यान, गाव, देवस्थान, तारीख आणि नटांची नावे लिहावीत. ‘जबरदस्त ट्रिकसीन’ एवढ्यावर थांबू नये. घरातल्या जुन्या कॅसेटींचे तर त्याहून निकडीचे आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवले, आणि आपल्या दमट हवेत टेपला बुरशी लागायला वेळ लागत नाही. कपाटात जत्रेची, नाटकाची किंवा लग्नाची कॅसेट असेल तर चालणारा व्हीसीआर मिळतो आहे तोवर ती संगणकावर उतरवून घ्या, आणि फाइलला नाव देताना गाव आणि वर्ष लिहायला विसरू नका.