तेजु नदीपलीकडचा पोर्तुगाल

पोर्तुगालला जाणारा पर्यटक सहसा लिस्बन, पोर्तो आणि दक्षिणेचा आल्गार्व्ह किनारा पाहून परततो. देशाचा जवळजवळ एकतृतीयांश भूभाग व्यापणारा आलेंतेजु प्रांत मात्र त्याच्या वाटेत येत नाही. आलेंतेजु म्हणजे 'तेजु नदीच्या पलीकडचा'.

प्रांताचे मुख्य शहर एव्होरा. लिस्बनहून रेल्वेने सुमारे दीड तासात तेथे पोहोचता येते. रोमन मंदिराचे स्तंभ अजून उभे असलेले हे तटबंदीचे शहर १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. शहराबाहेर पडले की बुचाच्या ओकांची विरळ राने सुरू होतात. (आपल्याकडील पांढऱ्या सुवासिक फुलांचे बुचाचे झाड निराळे.) रोपाची पहिली साल निघायला सुमारे २५ वर्षे लागतात, पुढे दर नऊ वर्षांनी ती सोलतात आणि खोडावर त्या वर्षाचा शेवटचा अंक रंगवून ठेवतात. जगातील सुमारे निम्मे बूच पोर्तुगालमधून येते.

गोमंतकीयांना ओळखीचे वाटेल असे एक गाव दक्षिणेकडे आहे : विदिगेइरा. वास्को द गामा येथील काउंट होता. १५२४ मध्ये कोचीत निधन झाल्यावर त्याच्या अस्थी १५३९ मध्ये येथे आणण्यात आल्या. लिस्बनला त्या गेल्या १८८० मध्ये.

पण प्रवाशाने आवर्जून जावे ते लुझ या छोट्या गावी. ग्वादियाना नदीवरील आल्केव्हा धरणाचे दरवाजे २००२ मध्ये बंद झाले आणि मूळ लुझ पाण्याखाली गेले. तत्पूर्वी जवळच नवे गाव वसवण्यात आले. शेजाऱ्याला शेजारी मिळेल अशीच घरे दिली, चर्चची प्रतिकृती उभारली, दफनभूमीतील मृतही हलवले. जुनी घरे पाणी चढण्याआधीच जमीनदोस्त केली होती. साळावली धरणात गेलेल्या सांगे तालुक्यातील कुर्डीचे अवशेष मे महिन्यात वर येतात, जुने रहिवासी तेथे जमतात. लुझच्या लोकांना तेवढेही उरले नाही. त्यांच्यासाठी आहे ते गावातील संग्रहालय. प्रवासी पुस्तिकांत धरणाचा विस्तीर्ण जलाशय आणि त्यावरील नौकाविहार ठळक असतो, लुझची वासलात मात्र एखाद्या ओळीत लागते.

या भागातून तरुण शहरांकडे जात राहिले असून अनेक गावांत वृद्धच अधिक दिसतात. वाद्यांविना समूहाने गायले जाणारे येथील 'कांत' हे गायन २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आले. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपार जातो. तेव्हा एप्रिल-मे बरा, रानफुलेही तेव्हाच असतात. एव्होराच्या पुढे बसगाड्या तुरळक असल्याने भाड्याची मोटार घेणे सोयीचे.