पिग (नळवाहिनी)

पिग हे नळवाहिनीच्या आतून फिरणारे उपकरण आहे. वाहिनीच्या भिंतींवर साचलेला थर खरवडून काढणे, आत राहिलेले पाणी किंवा गाळ पुढे ढकलत बाहेर आणणे आणि भिंतींची जाडी तपासणे ही त्याची मुख्य कामे होत. बहुतेक पिगना स्वतःचे इंजिन नसते. वाहिनीतून वाहणारे तेल, पाणी किंवा वायूच त्यांना मागून ढकलतो. त्यामुळे वाहिनी जमिनीखालून वा समुद्रतळावरून शेकडो किलोमीटर गेलेली असली, तरी तिच्यातील वाहतूक न थांबवता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आतून जाता येते. या कामाला पिगिंग म्हणतात. खनिज तेल व नैसर्गिक वायूच्या वाहिन्यांमध्ये पिगिंग हा देखभालीचा नित्याचा भाग आहे. पाणीपुरवठा, रसायने, रंग आणि खाद्यपदार्थ यांच्या उद्योगांतही त्याचा वापर होतो.

नाव

इंग्रजीत पिग म्हणजे डुक्कर. चामडे आणि तार गुंडाळलेले गवताचे गठ्ठे वाहिनीतून सोडण्याची जुनी पद्धत होती. ते लोखंडी भिंतीला घासत पुढे सरकताना डुकराच्या किंचाळण्यासारखा आवाज होई, त्यावरून हे नाव पडले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ‘पाइपलाइन इन्स्पेक्शन गेज’ या शब्दांच्या आद्याक्षरांपासून पिग हे नाव बनले, असेही अनेक पुस्तिकांत आढळते. परंतु तपासणी करणारी उपकरणे अस्तित्वात येण्यापूर्वीच हे नाव रूढ झालेले होते, त्यामुळे ही फोड मागाहून जुळवलेली दिसते. खरवडणाऱ्या जुन्या उपकरणांना अमेरिकेत ‘गो-डेव्हिल’ असेही म्हणत.

आवश्यकता

विहिरीतून निघालेले खनिज तेल गरम असते. वाहिनीतून जाताना ते थंड होऊ लागले, की त्यात विरघळलेल्या मेणाचे स्फटिक बनतात आणि थंड भिंतीवर थरावर थर बसतात. नैसर्गिक वायूच्या वाहिनीत पाणी व जड हायड्रोकार्बन द्रवरूप होऊन सखल भागांत साचतात. पाण्याच्या वाहिनीत क्षार, गंज आणि जिवाणूंचा चिकट थर जमतो.

अशा थरामुळे होणारे नुकसान वाटते त्यापेक्षा मोठे असते. खळबळीने वाहणाऱ्या द्रवासाठी, प्रवाह तेवढाच ठेवायचा असल्यास, लागणारा दाब व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे साचलेल्या मेणाने वाहिनीचा आतला व्यास १० टक्क्यांनी कमी झाला, तर तेच तेल ढकलण्यासाठी सुमारे ७० टक्के अधिक दाब लागतो. पंपांच्या विजेचा खर्च वाढतो. काही काळाने पंपांची क्षमताच अपुरी पडते.

याहून गंभीर प्रश्न गंजण्याचा आहे. तेलासोबत थोडे पाणी जवळजवळ नेहमीच असते. प्रवाह मंद असेल तर ते तळाशी बसते, त्यावर गाळाचा थर जमतो आणि त्या थराखाली जिवाणू वाढतात. वाहिनीत सोडलेले गंजरोधक रसायन या थराखाली पोहोचत नाही. पोलाद तेथे खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ले जाते आणि वरून, बाहेरून वा दाबमापकावरून त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून नियमितपणे गाळ काढणे हा गंज रोखण्याचाही उपाय आहे.

इतिहास

वाहत्या द्रवाच्याच जोराने नळ साफ करण्याची कल्पना तेलउद्योगापुरती मर्यादित नव्हती. पॅरिस शहराचे सांडपाणी सेन नदीच्या तळाखालून नेण्यासाठी अभियंता यूजेन बेलग्रां यांनी १८६८ मध्ये आल्मा पुलाजवळ वक्रनलिका बसवली. तिचा व्यास सुमारे १ मीटर होता. ती साफ करण्यासाठी सुमारे ८५ सेंटिमीटर व्यासाचा लाकडी गोळा आत सोडला जाई. गोळा नळाहून लहान ठेवण्यामागे हेतू होता. उरलेल्या फटीतून पाणी मोठ्या वेगाने घुसते आणि पुढचा गाळ उखडून काढते. आजच्या अनेक पिगमध्ये मुद्दाम ठेवलेली छिद्रे हेच काम करतात.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात १८६५ मध्ये सॅम्युएल व्हॅन सिकल यांनी तेलासाठी २ इंच व्यासाची सुमारे ५ मैलांची वाहिनी टाकली. त्या भागातील तेल मेणयुक्त असल्याने वाहिन्या खरवडण्याची गरज लवकरच भासू लागली आणि तिच्यातूनच गो-डेव्हिल व पुढे पिग यांचा विकास झाला.

रचना व प्रकार

सर्वांत साधे पिग म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा ठोकळा. तो दाबला जातो, वाकतो आणि अडथळा आल्यास फाटून तुकड्यांनी बाहेर पडतो. म्हणून ज्या वाहिनीची आतली स्थिती ठाऊक नाही, तिच्यात प्रथम मऊ फोमचे पिग पाठवतात. ते कोणत्या अवस्थेत परत आले, त्यावर कोठे किती खरखरीत थर आहे याचा अंदाज बांधता येतो. त्यानंतर क्रमाक्रमाने अधिक कठीण पिग सोडले जातात. वर्षानुवर्षे न साफ केलेल्या वाहिनीत पहिल्याच फेरीला तारेच्या ब्रशाचे पिग सोडणे धोक्याचे असते, कारण खरवडलेला सारा थर पिगच्या पुढे जमत जाऊन वाहिनीच बंद होऊ शकते.

दांड्याचे पिग अधिक टिकाऊ असते. पोलादी दांड्यावर पॉलियुरेथेनचे वाटीसारखे कप किंवा सपाट चकत्या बसवलेल्या असतात. त्यांचा व्यास वाहिनीच्या आतील व्यासापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे ते भिंतीला घट्ट टेकतात आणि मागचा दाब पुढे गळत नाही. कप फक्त एका दिशेने नीट जातात. दोन्ही बाजूंनी सारख्या चकत्यांचे पिग मात्र अडकल्यास उलट प्रवाहाने मागेही आणता येते. मेणासाठी पॉलियुरेथेनच्या पात्या, कठीण गंजासाठी तारेचे ब्रश आणि लोखंडी कण गोळा करण्यासाठी चुंबक अशी जोडणी कामानुसार बदलतात. अॅल्युमिनियमची पातळ चकती लावलेले मापक पिग नव्या वाहिनीतून फिरवतात. चकती वाकून आली, तर वाहिनी कोठेतरी चेपलेली आहे असे समजते. रबरी गोळे आणि जेलचे पिगही वापरात आहेत.

कार्यपद्धती

पिग आत सोडण्यासाठी वाहिनीच्या सुरुवातीला लाँचर आणि शेवटी रिसीव्हर असतो. दोन्ही म्हणजे वाहिनीहून थोड्या मोठ्या व्यासाच्या, दार असलेल्या नळकांड्या. लाँचर झडपांनी मुख्य वाहिनीपासून तोडला जातो, त्यातील दाब पूर्ण उतरवला जातो, दार उघडून पिग आत सरकवतात आणि दार लावून पुन्हा दाब भरतात. मग झडपांची मांडणी अशी बदलतात, की प्रवाह पिगच्या मागून येऊ लागतो आणि पिग वाहिनीत शिरते. मार्गावरील ठरावीक ठिकाणी बसवलेल्या खुणादर्शक खटक्यांवरून, पिगवरील चुंबकावरून किंवा त्याने सोडलेल्या कमी कंप्रतेच्या संकेतांवरून ते कोठवर आले हे कळते.

रिसीव्हरमध्ये पिगसोबत जे बाहेर येते ते कचरा म्हणून फेकून देण्यासारखे नसते. मेण किती, वाळू किती, पाण्यात लोह आणि जिवाणू किती, यांची नोंद प्रत्येक फेरीनंतर ठेवली जाते. एका फेरीपेक्षा दुसऱ्या फेरीत लोहाचे प्रमाण वाढले, तर भिंत कोठेतरी झिजते आहे असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

यंत्रयुक्त पिग

१९६० च्या दशकात अमेरिकेत पिगवर मोजमापाची यंत्रे बसवण्यास प्रारंभ झाला. आज सर्वाधिक वापरात असलेली पद्धत चुंबकीय गळतीची आहे. पिगवरील शक्तिशाली चुंबक वाहिनीच्या पोलादी भिंतीला चुंबकित करत जातात. जेथे धातू झिजून पातळ झालेला असेल तेथे चुंबकीय रेषा भिंतीबाहेर डोकावतात आणि संवेदक त्या टिपतात. अंतर मोजणाऱ्या चाकामुळे दोष नेमका कोणत्या ठिकाणी आहे हे कळते. श्राव्यातीत ध्वनीची पद्धत भिंतीची जाडी थेट मोजते, परंतु तिला ध्वनी वाहून नेण्यासाठी द्रव लागतो, म्हणून ती तेलाच्या वाहिनीत सोयीची आणि वायूच्या वाहिनीत अडचणीची ठरते. लांबीच्या दिशेने गेलेल्या बारीक चिरा चुंबकीय पद्धतीला सहज दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळ्या रचनेची पिग लागतात.

संवेदक आणि भिंत यांच्यामध्ये मेणाचा थर आला, की मोजणी बिघडते. म्हणून यंत्रयुक्त पिग सोडण्यापूर्वी सफाईची अनेक पिग फिरवावी लागतात. ज्या वाहिनीची सफाई होत नाही, तिची आतून तपासणीही विश्वासार्ह होत नाही.

अडकणे आणि अपघात

पिग अडकण्याची कारणे बहुधा वाहिनीच्या रचनेत असतात. पूर्ण न उघडलेली झडप, फार आखूड वळण, मध्येच बदललेला व्यास किंवा जाळी न लावलेला फाटा ही त्यांपैकी नेहमीची होत. पिगच्या मागे-पुढे दाबात केवळ १ बारचा फरक असला, तरी ३० इंची वाहिनीतील पिगवर सुमारे साडेचार टन वजनाएवढे बल पडते. अडकलेले पिग वायूच्या वाहिनीत अचानक सुटले, तर ते गोळ्यासारखे धावते. रिसीव्हरमध्ये दाब शिल्लक असताना दार उघडणे जीवघेणे ठरू शकते, म्हणून दाब उतरल्याशिवाय उघडूच न शकणारी कुलपे दारांना बसवतात. बाहेर आलेल्या काळ्या भुकटीत लोहाचे सल्फाइड असेल, तर हवेशी संपर्क येताच ती आपोआप पेट घेऊ शकते. तिला ओले ठेवावे लागते.

पिग न फिरवल्याचे परिणाम मात्र याहून मोठे झालेले आहेत. १९ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात कार्ल्सबॅडजवळ पेकोस नदीकाठी ३० इंची वायुवाहिनी फुटून पेटली आणि तेथे तळ ठोकून असलेल्या एकाच विस्तारित कुटुंबातील १२ जणांचा मृत्यू झाला. वाहिनी आतून गंजलेली होती. फुटलेल्या भागातून सफाईचे पिग जाऊच शकत नव्हते. तशी सोय असती आणि ती नियमित वापरली गेली असती, तर गंज बहुधा इतका वाढला नसता, असा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. नव्या व बदललेल्या वाहिन्या यंत्रयुक्त पिग जाईल अशाच बांधाव्यात, असा नियम अमेरिकेत १९९४ पासून लागू होता. ही वाहिनी त्यापूर्वीची होती.

२ मार्च २००६ रोजी अलास्कातील प्रुधो बे तेलक्षेत्रात ३४ इंची वाहिनीतून झालेली गळती उघडकीस आली. वाहिनीला पडलेले छिद्र सुमारे पाव इंचाचे होते. त्यातून किमान २ लाख अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे ८ लाख लिटर, तेल टुंड्रा प्रदेशात पसरले. या वाहिनीत १९९८ नंतर पिग फिरवले गेले नव्हते. विशेष म्हणजे हेच तेल पुढे १,२८७ किलोमीटर नेणाऱ्या ट्रान्स-अलास्का वाहिनीत पिगिंग नियमितपणे चालू होते. त्याच वर्षी तेलक्षेत्राच्या पूर्व भागातील वाहिनीत यंत्रयुक्त पिग फिरवल्यावर तीही अनेक ठिकाणी गंजलेली आढळली, आणि ऑगस्टमध्ये गळती दिसताच तेथील उत्पादन थांबवावे लागले. जागतिक बाजारात तेलाचे भाव त्यामुळे वाढले. २००७ मध्ये बीपीच्या अलास्का कंपनीने गुन्हा कबूल केला आणि तिला एकूण २ कोटी डॉलर भरावे लागले.

भारतात

आसामातील खनिज तेलात मेणाचे प्रमाण जास्त आहे. दुलियाजानपासून बिहारमधील बरौनीपर्यंत सुमारे १,१५७ किलोमीटर जाणाऱ्या, १९६० च्या दशकात बांधलेल्या वाहिनीसाठी तेलावर उष्णतेची प्रक्रिया करून मग ते सोडण्याची योजना करावी लागली. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचे तेलही मेणयुक्त आहे. ते समुद्रतळावरील वाहिनीने रायगड जिल्ह्यातील उरण येथे येते व तेथून तुर्भ्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांकडे जाते. समुद्राखालील वाहिनी खणून पाहता येत नसल्यामुळे अशा ठिकाणी पिगला पर्याय जवळजवळ नाही. वायूच्या वाहिनीत पिगपुढे ढकलला गेलेला द्रव एकदम येऊन यंत्रणा बुडू नये, म्हणून किनाऱ्यावर तो झेलणाऱ्या लांब नळ्यांची मांडणी असते.

मुंबई–पुणे आणि मुंबई–मनमाड या वाहिन्यांमधून पेट्रोल, डिझेल यांसारखी उत्पादने एकामागून एक सोडली जातात. अशा बहुउत्पादक वाहिन्यांत दोन इंधनांच्या मध्ये पिग घालून त्यांचे मिश्रण कमी करता येते; मात्र प्रवाहाचा वेग पुरेसा असेल तर पिगशिवायही मिश्रण मर्यादित राहते.

यंत्रयुक्त पिगची सेवा भारतीय कंपन्या बराच काळ परदेशी संस्थांकडून घेत असत. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने इंडियन ऑइल कॉर्पोरेशनच्या सहकार्याने चुंबकीय गळतीवर आधारित देशी यंत्रयुक्त पिग विकसित केले. त्यात अडचण केवळ संवेदकांची नव्हती. १२ इंची नळात चुंबक, विद्युत्‌घट आणि नोंदी साठवणारी उपकरणे बसवून ती तेलाच्या दाबाखाली शेकडो किलोमीटर चालती ठेवायची होती, आणि वळणांतून जाण्यासाठी पिग आगगाडीच्या डब्यांसारखे जोडलेले करावे लागते.

इतर उपयोग

नवी वाहिनी पाण्याच्या दाबाने तपासल्यावर ते पाणी काढून तिला कोरडे करण्यासाठी पिग वापरतात. चॉकलेट, दही, रंग किंवा प्रसाधने बनवणाऱ्या कारखान्यांत नळात राहिलेले उत्पादन धुऊन घालवण्याऐवजी पिगने पुढे ढकलून वापरात आणले जाते. त्यामुळे माल वाचतो आणि धुण्याचे पाणीही कमी लागते. या पिगसाठी खाद्यपदार्थांशी संपर्कास योग्य असे सिलिकोनसारखे पदार्थ निवडतात.

जेम्स बाँडच्या काही चित्रपटांत पिग कथानकाचा भाग आहे. ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ (१९८७) मध्ये वायुवाहिनीतील पिगमध्ये बसवून एका सोव्हिएत अधिकाऱ्याला सीमेपार नेले जाते, तर ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’ (१९९९) मध्ये पिगवर बाँब ठेवलेला असतो. प्रत्यक्षातील पिगमध्ये माणसाला बसण्याची सोय नसते.