मेंदूचा नकाशा आणि रुग्णाची साक्ष

मानवी मेंदूच्या बाह्यकावर शरीराच्या हालचालींची व संवेदनांची क्षेत्रे क्रमाने मांडलेली आहेत, ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकांत स्थिरावली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र प्रमस्तिष्क अखंडपणे कार्य करते, हे फ्लूराँस यांचे मत प्रमाण मानले जाई. 1861 मध्ये पॅरिस येथे ब्रोका यांनी वाचा गमावलेल्या रुग्णाच्या डाव्या अग्रखंडातील इजा दाखवून त्या मतास पहिला मोठा धक्का दिला. पुढे इंग्लंडमध्ये ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी अपस्माराचे झटके हातातून मुखाकडे ठराविक क्रमाने सरकताना पाहिले. अवयवांचा हा क्रम मेंदूतही असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी त्यावरून बांधले.

या अनुमानास प्रयोगाचा आधार 1870 मध्ये मिळाला. फ्रिट्श व हिट्झिग यांनी बर्लिनमध्ये कुत्र्याच्या मेंदूच्या विशिष्ट भागास सौम्य विद्युत्प्रवाह लावला, तेव्हा विरुद्ध बाजूचे स्नायू हलले. 1873 पासून फेरियर यांनी हीच पद्धती माकडांवर चालविली.

येथे एक मूलभूत अडचण होती. हालचाल निरीक्षकाला दिसते. संवेदना ज्याची त्यालाच कळते. मुक्या प्राण्याच्या वर्तनावरून संवेदनेचे स्थान ठरविणे किती धोक्याचे आहे, हे फेरियर यांच्याच उदाहरणावरून स्पष्ट होते. त्यांनी स्पर्शाचे केंद्र हिप्पोकॅम्पसच्या भागात मानले होते व ते चुकीचे ठरले. संवेदनक्षेत्राच्या नकाशासाठी बोलणारा साक्षीदार आवश्यक होता.

अशी साक्ष मिळविण्याचा पहिला प्रयत्न मात्र खेदजनक ठरला. 1874 मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे बार्थोलो या वैद्याने, कर्करोगाच्या व्रणामुळे कवटी झिजून मेंदू उघडा पडलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत सुया घालून विद्युत्प्रवाह सोडला. तिचे स्नायू हलले, अंगास मुंग्या आल्याचे तिने सांगितले. परंतु प्रवाह वाढविताच तिला आचके आले, आणि काही दिवसांतच ती मरण पावली. या प्रयोगात तिच्या उपचाराचा हेतू नव्हता. वैद्यकीय जगतातून त्यावर कठोर टीका झाली, ती योग्यच होती.

पुढील काम शस्त्रक्रियेच्या आश्रयाने झाले. शेरिंग्टन व ग्रुनबाउम यांनी 1901 पासून वानरांवर केलेल्या प्रयोगांत प्रेरक क्षेत्र मध्यवर्ती खाचेच्या पुढील बाजूसच असल्याचे दाखविले. 1909 मध्ये कुशिंग यांनी दोन जागृत रुग्णांत खाचेमागील वळीस उत्तेजन दिले. तेव्हा हालचाल न होता केवळ संवेदना झाल्याचे रुग्णांनी स्वतः सांगितले.

ब्रेस्लाउ येथील फोर्स्टर यांच्याकडे 1928 मध्ये शिकलेल्या पेनफील्ड यांनी माँट्रियलमध्ये ही पद्धती पूर्णत्वास नेली. अपस्माराची शस्त्रक्रिया स्थानिक भुलीखाली होई. रुग्ण उत्तरे देई, आणि प्रतिसाद मिळालेल्या जागी अंकांच्या चिठ्ठ्या ठेवल्या जात. 1937 मध्ये बोल्ड्री यांच्यासह त्यांनी 163 रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यातूनच मोठे ओठ, मोठी जीभ व भला थोरला अंगठा असलेली प्रसिद्ध मानवाकृती जन्मास आली. अवयवाच्या आकारापेक्षा त्याच्या कौशल्यास व संवेदनशीलतेस मेंदूत अधिक जागा मिळते, हे तिने एका दृष्टिक्षेपात पटविले.

भाषेच्या अभ्यासकास याहून महत्त्वाची एक गोष्ट या नोंदींत आढळते. प्रेरक क्षेत्रास उत्तेजन दिले असता रुग्ण स्वरासारखा लांब ध्वनी काढी. अन्य काही जागी त्याचे बोलणे खुंटे, अथवा समोरील वस्तूचे नाव त्यास आठवत नसे. परंतु विद्युत्प्रवाहाने एकही अर्थपूर्ण शब्द त्याच्या मुखातून वदविला गेला नाही. उच्चारणाच्या स्नायूंवर ताबा म्हणजे भाषा नव्हे, हा भेद येथे प्रयोगाने सिद्ध झाला.

ती मानवाकृती स्थूल आहे, अवयवांच्या जागा परस्परांत मिसळतात, हे तिच्या कर्त्यांनाही ठाऊक होते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तर पाय, हात व मुख यांच्या प्रेरक क्षेत्रांमध्ये, कृतीच्या नियोजनाशी जोडलेले वेगळे भाग दाखवून दिले. चित्र सुबोध होते म्हणून ते टिकले. पण प्रमाण चित्रात नसून त्यामागील नोंदींत आहे. आणि त्या नोंदींचा निम्मा भाग, म्हणजे संवेदनांचा सारा नकाशा, शस्त्रक्रियेच्या मेजावर जागे राहून उत्तरे देणाऱ्या रुग्णांच्या शब्दांवर उभा आहे, याचे विस्मरण इतिहासकारास होता कामा नये.