पूरक उपचार
पूरक उपचार : मुख्य वैद्यकीय उपचार चालू ठेवून त्यांच्या जोडीला वेदना, मळमळ, निद्रानाश, चिंता अशी लक्षणे सौम्य करण्यासाठी योजलेल्या पद्धती. मालिश, ॲक्युपंक्चर, संगीतोपचार, ध्यान या त्यांतील प्रमुख. औषधे सोडून केलेल्या ‘पर्यायी’ उपचारांशी त्यांची गल्लत करू नये. कर्करोगात ती जिवावर बेतते.

ठेच लागलेला अंगठा चोळला की कळ ओसरते. असे का होते, याचे उत्तर रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धांतात मिळते : स्पर्शाचे संदेश वाहणाऱ्या जाड चेतातंतूंमुळे वेदनेची वाट मेरुरज्जूतच काहीशी अडते. मालिशीने मिळणाऱ्या आरामाचे हे एक संभाव्य कारण. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला हातापायांवरून मायेने फिरवलेला हातही पुष्कळ असतो.

मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूस, घडीपासून तीन बोटे वर, दोन कंडरांमधील बिंदू दाबतात. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीत त्याचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. सुगंधोपचाराचा पुरावा मात्र तोकडा आहे.

रक्तातील बिंबाणू कमी असताना किंवा कर्करोग हाडांत पसरला असताना जोरकस मालिश टाळावी. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती काही कर्करोगविरोधी औषधांचा प्रभाव घटवते. त्यामुळे घरी घेतलेला काढासुद्धा डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.