बदकाची अंडी, कोंबडीची ऊब

पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या गावांत बदकं हा कोणाचा मुख्य धंदा कधीच नव्हता. बदकांचे मोठे कळप पाहायचे तर आसाम, बंगाल, नाहीतर केरळ. आपल्याकडे घर चालायचं ते भातावर, वाडीवर, मिठागरावर, मासळीवर. बदकं परसात असायची, पाच-सहा. गावतळं, भाताची खाचरं, वाडीतला पाट एवढं पाणी त्यांना पुरायचं. गोगलगाई, किडे, शेवाळ खाऊन पोट भरायचं आणि संध्याकाळी मूठभर कणी दिसली की रांगेने घरी. खाली वसईकडे बावखलांचा मुलूख. तिथल्या ख्रिस्ती घरांत नाताळला बदकाचं मोयलं होतं. म्हणजे पक्षी या किनाऱ्याला ओळखीचाच.

पण या पक्ष्याची एक अडचण होती. बदक अंडी भरपूर घालतं, त्यावर बसत मात्र नाही. घातलं अंडं की निघालं पाण्याकडे. आमची आजी म्हणायची, “ही बाई बाळंत होते आणि बाजारात जाते.” हसण्यावारी नेण्याजोगं वाटतं, पण यात बदकाचा दोष नाही. पाळीव बदकाचा मूळ पुरुष म्हणजे हिरव्या डोक्याचं रानबदक, आणि त्याची मादी गवतात घरटं करून चार आठवडे इमानाने बसते. खुडूक बसलेली मादी अंडी देणं थांबवते. माणसाला तर अंडी हवीत. मग पिढ्यान् पिढ्या न बसणाऱ्या माद्याच राखल्या गेल्या. 1900 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी घरच्या बदकांमधून जी जात तयार केली, ती खाकी कॅम्पबेल, वर्षाला 300 च्या आसपास अंडी देऊ शकते. बसण्याचं मात्र तिला जवळजवळ उरलेलंच नाही. उलट, तोंडावर लाल चामडी असलेलं मस्कव्ही बदक मुळात दक्षिण अमेरिकेतलं, वेगळ्याच वंशाचं; ते अजून स्वतःच्या अंड्यांवर बसतं.

मग बदकाची अंडी उबवायची कोणी? गावठी कोंबडीने. आणि कोंबडीला बसवायचं कोणी? घरातल्या बाईने. आपल्याकडचा बदकांचा इतिहास खरं तर या दोघींचा आहे.

कामाची सुरुवात पहाटे व्हायची. बदक बहुतेक वेळा उजाडायच्या आत अंडं घालतं, म्हणून आठ-नऊपर्यंत त्यांना सोडायचं नाही. लवकर सोडलं तर अंडं तळ्यात. उबवायची अंडी धुवायची नाहीत. बारीक टोक खाली करून ती भाताच्या कणगीत थंड जागी ठेवायची, आणि आठवड्याच्या आत बसवायची. जुन्या पाटीत खाली राख, वर तूस, त्यावर पेंढा. बदकाचं अंडं कोंबडीच्या अंड्याहून बरंच मोठं, त्यामुळे एका कोंबडीखाली आठ-नऊच मावतात. आजी नेमकी नऊ ठेवायची, कारण संख्या विषम हवी. पाटीत लोखंडाचा एक तुकडाही असायचा, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. त्याचा उपयोग किती, ते सोडा. पण त्या पाटीवर तिचं किती लक्ष होतं ते त्यातून कळतं.

बाकीचं सगळं मात्र अनुभवाने पक्कं झालेलं होतं. कोंबडीचं पिल्लू 21 दिवसांत निघतं, बदकाचं 28 दिवसांत. म्हणजे कोंबडीकडून आठवडाभर जास्तीचं काम घ्यायचं. म्हणून चंचल तलंग चालायची नाही. जुनी, जड, दोन-तीनदा बसलेली कोंबडी लागायची. एवढी मोठी अंडी तिला नीट उलटवता येत नाहीत, म्हणून ती दाणे टिपायला उठली की आजी हाताने उलटवायची. बदकीण बसली असती तर ओल्या पिसांनी परतली असती. तेवढी ओल भरून काढायला शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाणी शिंपडायचं. सातव्या-आठव्या दिवशी कौलातून येणाऱ्या कवडशासमोर एकेक अंडं धरायचं. आत लाल धाग्यांचं जाळं दिसलं तर भरलेलं. नुसतंच स्वच्छ दिसलं तर वांझ, ते बाजूला. शेवटचे तीन दिवस हात लावायचा नाही.

कोणाला दोन्ही पिल्लं हवी असतील तर बदकाची अंडी आधी ठेवायची आणि कोंबडीची आठवड्याने. सगळी एकाच दिवशी फुटतात. ही साधी वजाबाकी शाळेत न गेलेल्या बायका तोंडी करायच्या.

पिल्लं निघाल्यावर वेगळीच काळजी. बदकीण आपल्या पिसांचं तेल पिल्लांना लावते. कोंबडीकडे ते नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे पिल्लं पाण्यात भिजली की गारठून मरतात. डालग्याखाली उथळ ताटलीत पाणी ठेवायचं, चोच आणि नाक बुडेल एवढंच. पुढे ती तळ्यात उतरली की कोंबडी काठावर ओरडत फेऱ्या घालायची. मुलांना मजा वाटायची. घार आणि मुंगूस यांना मात्र तोच मोका.

1969 मध्ये तारापूरला देशातली पहिली अणुवीज तयार होऊ लागली. पाठोपाठ बोईसरला औद्योगिक वसाहत आली. देशभरातून माणसं आली. बंगाली आणि मल्याळी घरांत बदकाचं अंडं आवडीचं. ज्या अंड्याला गावात “उग्र लागतं” म्हणून नाकं मुरडत, त्याला गिऱ्हाईक मिळालं. बायकांच्या हातात रोख आली, पण बसवायला ठेवायची अंडीही विकली जाऊ लागली. खाचरांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं हलली. गाव हलतं तेव्हा घरं, झाडं, विहिरी मोजल्या जातात. तळ्याकाठची सवय कुठल्या रकान्यात लिहिणार?

मधल्या काळात खुडूक कोंबडीही कमी झाली. बाजारात यंत्रातून निघालेली कोंबडी आली, तीही न बसणारी. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला. आपल्या बोईसरजवळचं नव्हे, नंदुरबारचं नवापूर. पण नावानेच इकडे धडकी भरली आणि परसातले पक्षी कितीतरी घरांतून गेले.

मग तरुण पोरांनी थर्माकोलच्या खोक्यात 60 वॅटचा बल्ब लावून अंडी उबवायला घेतली. हेही जगाला नवं नाही. इजिप्तमध्ये अंडी शेणखतात पुरून उबवतात, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे. बांगलादेशात तापवलेल्या तुसात बदकाची अंडी उबवतात. खोक्यात साडेसदतीस अंश उष्णता आणि वाटीभर पाणी ठेवलं की काम होतं. पण भारनियमनाच्या त्या वर्षांत अणुवीज केंद्राच्या सावलीतल्या गावातही दिवा जायचा, आणि खोकं गार पडायचं. त्या वेळी ज्याच्या घरी जुनी बाई होती तो वाचला. तिला ठाऊक होतं की पंधरा दिवसांपुढचं पिल्लू स्वतःची थोडी ऊब धरतं. गोधडी घालून दोन-तीन तास काढता येतात. आता एलईडी आले. ते तापतच नाहीत, म्हणून उबवणीसाठी जुना बल्ब शोधत फिरावं लागतं.

यंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एका वेळी पन्नास पिल्लं काढणं कोणत्याही कोंबडीला जमणार नाही. पण यंत्रातून निघालेल्या माद्याही बसणार नाहीत, आणि पुढच्या खेपेला पुन्हा वीज आणि पुन्हा विकतची पिल्लं लागतील. म्हणून परसात बदकं ठेवायची असतील त्याने खुडूक बसणारी एक तरी गावठी कोंबडी राखावी. ती अंडी कमी देते म्हणून विकू नये. आणि तिला कसं बसवायचं हे ज्या आजीला, मावशीला येतं, तिच्याजवळ ती अठ्ठावीस दिवस हाताखाली राहून शिकून घ्यावं.