मुखत्यार

‘मुखत्यार’ या शब्दात मुख दिसते, म्हणून आपल्या वतीने बोलणारा तो मुखत्यार, असे अनेकांना वाटते. मुखाशी त्याचा काही संबंध नाही. मूळ अरबी ‘मुख्तार’, म्हणजे निवडलेला. फारसीच्या वाटेने तो दफ्तरी मराठीत आला. ‘अखत्यार’ त्याच धातूचा, आणि ‘तुझी खैर नाही’मधली खैरसुद्धा! कुलमुखत्यारपत्रातला ‘कुल’ही घराण्याचा नव्हे, तो अरबी ‘कुल्ल’, म्हणजे सगळा.

गुंतवणुकीच्या खात्यात हा ‘सगळा’ फार जपून द्यावा. डिमॅट खाते उघडताना ब्रोकरच्या नावे मुखत्यारपत्रावर कित्येकांनी न वाचता सह्या केल्या. अशाच मुखत्यारपत्रांच्या आधारे ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण पडल्याचे २०१९ मध्ये कार्वी या ब्रोकरच्या प्रकरणात उघड झाले. पुढे २०२२ मध्ये सेबीने अशा मुखत्यारपत्राऐवजी ‘डीडीपीआय’ (डिमॅट डेबिट अँड प्लेज इन्स्ट्रक्शन) आणले : विकलेले शेअर हस्तांतरित करणे, मार्जिनसाठी तारण ठेवणे अशा मोजक्या कामांपुरताच अखत्यार, तोही ऐच्छिक. हे फार आधी व्हायला हवे होते.

आईवडिलांच्या खात्यासाठी मुलाला किंवा मुलीला मुखत्यार नेमताना एकेक काम स्पष्ट लिहावे. ‘सर्व व्यवहार’ असे मोघम नको. देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर हे पत्र संपते. त्यामुळे नॉमिनीची नोंद वेगळी करायला हवी.